ग्रंथालयात कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना: ऑगस्टपासून मार्चपर्यंतची तयारी

अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. दर्शनी भागात पुस्तकांचे एक टेबल मांडले जाते, त्यावर मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि हॅरिएट टबमन यांची चरित्रे ठेवली जातात, मुलांसाठी गोष्टींचा एक तास होतो आणि १ मार्चला टेबल आवरले जाते. व्हर्जिनियातील एका लहान गावाच्या ग्रंथालयात मी स्वयंसेवक म्हणून कार्यक्रम समितीत काम करते आणि पहिल्या वर्षी आम्हीही एवढेच केले होते. आता अमेरिकेतील अनेक मराठी कुटुंबे आपापल्या गावच्या ग्रंथालयांच्या समित्यांवर आणि ग्रंथालयाला मदत करणाऱ्या मित्रमंडळांत काम करू लागली आहेत. हा कार्यक्रम नीट करायचा झाला तर काय करावे लागते, हे त्यांच्यासाठी आणि या कामाविषयी आस्था असलेल्या इतर वाचकांसाठी सविस्तर लिहिते आहे. ज्यांचा इतिहास मांडायचा, त्या कुटुंबांच्या हाती पहिल्या दिवसापासून कार्यक्रमाची सूत्रे असली पाहिजेत, या एका गोष्टीभोवतीच पुढचे सगळे फिरते.

मुळात हा महिना आला कुठून

कामाला लागण्यापूर्वी हे माहीत असावे, कारण त्यावरून कार्यक्रमाचा हेतू ठरतो. या प्रथेचा पाया घालणारे इतिहासकार कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ साली व्हर्जिनियात झाला. त्यांच्या आईवडिलांचे आयुष्य गुलामगिरीत सुरू झाले होते. तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करून त्यांनी शिक्षण घेतले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला ‘नीग्रो हिस्टरी वीक’ साजरा झाला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडण्यामागे कारण होते. १२ तारखेला अब्राहम लिंकन यांचा आणि १४ तारखेला गुलामगिरीविरुद्ध लढणारे वक्ते आणि लेखक फ्रेडरिक डग्लस यांचा वाढदिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच साजरा करत असे. डग्लस गुलामगिरीत जन्मले, त्यामुळे त्यांना स्वतःची जन्मतारीख कधीच कळली नाही. १४ फेब्रुवारी हा दिवस त्यांनी स्वतःच निवडला होता. वुडसन यांची अपेक्षा अशी होती की शाळांनी वर्षभर हा इतिहास शिकवावा आणि त्या आठवड्यात वर्षभराचे शिकलेले लोकांसमोर मांडावे. १९७० साली ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थी आणि शिक्षकांनी आठवड्याऐवजी संपूर्ण महिना साजरा केला आणि १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला अधिकृत मान्यता दिली.

त्याच १९२६ साली ग्रंथालयांच्या इतिहासातही एक मोठी गोष्ट घडली. प्वेर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोम्बर्ग हे न्यूयॉर्कमध्ये एका बँकेत नोकरी करत आणि पगारातून पैसे वाचवून आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे आणि पत्रके जमवत. पाच हजारांहून अधिक पुस्तकांचा त्यांचा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने कार्नेगी कॉर्पोरेशनच्या दहा हजार डॉलर्सच्या देणगीतून विकत घेतला आणि हार्लेममधील १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. तेथे ग्रंथपाल अर्नेस्टीन रोझ यांनी शाखेचे दरवाजे परिसरातील लोकांच्या व्याख्यानांना, चित्रप्रदर्शनांना आणि नाटकांना उघडून दिले होते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल कॅथरिन लॅटिमर याच शाखेत संदर्भसेवा सांभाळत. तीच जागा आज शोम्बर्ग केंद्र म्हणून ओळखली जाते. ग्रंथालयात असे कार्यक्रम कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर या शाखेत आहे.

पहिली पायरी: आपल्याच ग्रंथालयाचा इतिहास काढावा

ही पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि म्हणूनच मी ती सर्वांत आधी ठेवते. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते, आणि ते बंद दरवाजे पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘या, आम्ही तुमचा इतिहास साजरा करतो आहोत’ असे म्हणण्याआधी आपल्या संस्थेने त्यांच्याशी काय केले हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

अलेक्झांड्रिया या व्हर्जिनियातील शहराचे उदाहरण पाहा. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण तेथील ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासदत्व मागितले, प्रत्येकाला नकार मिळाला. मग प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतले आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून मुकाट्याने वाचायला सुरुवात केली. पोलीस आले आणि वाचणाऱ्या पाच जणांना शांतताभंगाच्या आरोपाखाली घेऊन गेले. या सत्याग्रहाची आखणी सॅम्युएल टकर या तरुण वकिलाने केली होती. शहराने पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांसाठी एक लहानसे वेगळे ग्रंथालय उघडले, पण टकर यांनी तेथले सभासदत्व घेण्यास नकार दिला. त्या वेगळ्या ग्रंथालयाच्या इमारतीत आज शहराचे कृष्णवर्णीय इतिहासाचे संग्रहालय आहे. १९६० साली व्हर्जिनियातल्याच डॅनव्हिल येथे न्यायालयाने ग्रंथालय सर्वांना खुले करण्याचा आदेश दिल्यावर शहराने आधी ते बंदच करून टाकले आणि पुन्हा उघडले तेव्हा आतल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. गोऱ्या आणि काळ्या वाचकांनी शेजारी बसू नये, एवढ्यासाठी कोणीच बसू नये अशी ती व्यवस्था होती. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन येथे टुगालू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी ग्रंथालयात वाचत बसल्याबद्दल पकडले गेले.

आपल्या गावाचे असे काही आहे का, हे शोधण्यासाठी ग्रंथालय समितीच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्या, १९३० ते १९७० या काळातील स्थानिक वर्तमानपत्रे आणि गावातील कृष्णवर्णीय वृत्तपत्र असेल तर त्याचे अंक पाहावेत. वेगळी शाखा होती का, तिचे पुढे काय झाले, तिथे ग्रंथपाल कोण होते, पहिल्या कृष्णवर्णीय वाचकाला कार्ड कोणत्या वर्षी मिळाले, हे प्रश्न हाती घेऊन बसावे. सापडेल ते एका पानावर साध्या शब्दांत लिहून ग्रंथपालांना आणि विश्वस्तांना द्यावे. आमच्या गावातील असे पान आता दर्शनी भागातील फलकावर कायमचे लावलेले आहे. ते लावण्याचा ठराव मंजूर व्हायला चार बैठका लागल्या, आणि त्या चारही बैठका सार्थकी लागल्या असे मला वाटते.

दुसरी पायरी: सल्लागार मंडळ, आणि तेही ऑगस्टमध्ये

पहिल्या वर्षी आमच्या समितीने सगळे आधीच ठरवले. विषय, वक्ता, तारीख, खाण्याचे पदार्थ असे सारे पक्के करून मग आम्ही जवळच्या चर्चला पत्रक पाठवले. कार्यक्रमाला आलेल्या मोजक्या माणसांमध्ये निवृत्त शिक्षिका असलेल्या एक आजीबाई होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या मला शांतपणे एवढेच म्हणाल्या की वक्ता चांगला होता, पण ज्या शाळेबद्दल तो बोलला त्या शाळेत मी शिकले आहे आणि मला कोणी विचारले नाही. त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. दुसऱ्या वर्षी सल्लागार मंडळाची पहिली बैठक आम्ही ऑगस्टमध्ये, त्यांच्या चर्चच्या तळघरातील सभागृहात घेतली आणि तिथे कागदावर एकही गोष्ट आधी लिहून नेली नाही.

मंडळात सात ते नऊ जण पुरेत आणि त्यांतील बहुसंख्य गावातील कृष्णवर्णीय रहिवासी असावेत. माणसे शोधण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. आफ्रिकन मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट चर्चेस, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संस्थेची स्थानिक शाखा, कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, त्या महाविद्यालयांत जन्मलेल्या भगिनीसंघांच्या आणि बंधुसंघांच्या शाखा, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी जुनी कौटुंबिक दुकाने आणि केशकर्तनालये. शेवटची दोन नावे वाचून आश्चर्य वाटू देऊ नका. गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांच्या काळात हे व्यवसाय कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीचे राहिले, त्यामुळे तीन-तीन पिढ्यांची नाती त्यांना तोंडपाठ असतात. वयाची सरमिसळ असावी आणि किमान दोन जण हायस्कूलचे विद्यार्थी असावेत. मंडळाला सल्ल्याबरोबर निर्णयाचा अधिकारही द्यावा, आणि विषय, वक्ते व खर्च यांवर त्यांचे मत अंतिम राहील असे लेखी द्यावे. त्यांच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात धरावे, कारण ग्रंथालयाचे कर्मचारी त्याच बैठकीत पगारी वेळेत बसलेले असतात.

तिसरी पायरी: विषयाची निवड

वुडसन यांनी स्थापन केलेली संस्था आजही दर वर्षी एक सूत्र जाहीर करते आणि ते हाताशी ठेवल्यास दिशा मिळते. मात्र आपल्या कार्यक्रमाचा गाभा गावातलाच असावा, असे माझे ठाम मत आहे. थोरांची चरित्रे मुले शाळेत वाचतातच. गावातील शाळा, दवाखाना, रस्ता आणि दफनभूमी यांचा इतिहास मात्र ग्रंथालयाशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही.

दक्षिणेकडील गावांसाठी रोझनवाल्ड शाळा हा फार समृद्ध विषय आहे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोचे उद्योगपती ज्युलियस रोझनवाल्ड यांच्या योजनेतून १९१० च्या दशकापासून १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. रोझनवाल्ड यांच्या निधीतून खर्चाचा काही भागच मिळे. उरलेल्यातील मोठा वाटा स्थानिक कृष्णवर्णीय कुटुंबांनी रोख रक्कम, जमीन, लाकूड आणि अंगमेहनत या रूपाने उचलला, आणि हे सगळे ते शाळांसाठी सरकारी कर भरत असतानाच. अशी शाळा आपल्या तालुक्यात होती का, इमारत उभी आहे का, वर्गणीदारांची यादी कोणाकडे आहे का, एवढ्या तीन प्रश्नांवर एक संपूर्ण महिना उभा राहतो.

उत्तरेकडील किंवा महामार्गालगतच्या गावांत ‘ग्रीन बुक’चा उपयोग होतो. व्हिक्टर ग्रीन हे हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन होते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोणत्या गावी मुक्कामाला, जेवायला आणि पेट्रोल भरायला सुरक्षित जागा मिळेल याची पुस्तिका त्यांनी १९३६ पासून काढली आणि ती तीन दशके निघत राहिली. शोम्बर्ग केंद्राच्या संग्रहातील तिचे अंक न्यूयॉर्क ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले केले आहेत. आपल्या गावाचे पान काढावे, पत्ते नकाशावर मांडावेत आणि आज तिथे काय आहे हे शाळकरी मुलांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

चौथी पायरी: कार्यक्रमांची आखणी

महिन्यात आठ कार्यक्रम घाईने उरकण्यापेक्षा तीन नीट करावेत. आम्हाला सर्वांत फळ देणारा ठरला तो म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रे स्कॅन करण्याचा दिवस, म्हणून त्याविषयी थोडे तपशिलाने लिहिते.

या दिवशी लोक घरातील जुने फोटो, पत्रे, शाळेचे दाखले, अंत्यविधीच्या पत्रिका आणि चर्चच्या स्मरणिका घेऊन येतात, आपण त्यांची प्रत काढतो आणि मूळ वस्तू त्यांच्याच हाती परत जाते. सभागृहात ओळीने चार टेबले लावावीत. पहिल्यावर स्वागत आणि संमतिपत्र, दुसऱ्यावर वस्तूची नोंद, तिसऱ्यावर स्कॅनर आणि चौथ्यावर पेन ड्राइव्हमध्ये भरलेली प्रत मालकाला देण्याची व्यवस्था. वस्तू एका टेबलावरून दुसऱ्यावर नेताना मालक सोबत चालतो आणि ती क्षणभरही त्याच्या नजरेआड होत नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. अनेक कुटुंबांनी पूर्वी कोणा संशोधकाला विश्वासाने दिलेला एकुलता एक फोटो परत मिळालेला नसतो.

फोटो इंचाला ६०० बिंदू या घनतेने आणि टिफ स्वरूपात स्कॅन करावेत. कागदांना ३०० ते ४०० पुरते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नाव, गाव आणि वर्ष बहुधा तिथेच पेन्सिलीने लिहिलेले असते. फोटो हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी धरावेत. अल्बमच्या चिकट पानांवरून फोटो ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावा. नोंदीच्या टेबलावर बसणारी व्यक्ती बोलकी आणि संयमी हवी. ‘हे कोण’ एवढे विचारून ती थांबली की पुढच्या टेबलापर्यंत पाच मिनिटांत पोचणारा माणूस पाऊण तास बोलत राहतो, आणि तेच बोलणे टिपून घ्यायचे असते.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पुठ्ठ्याचा एक हातपंखा आणला होता. विजेचे पंखे नव्हते तेव्हा चर्चमध्ये वाटले जाणारे हे पंखे. पुढच्या बाजूला रंगीत चित्र, मागे अंत्यविधीच्या दुकानाची जाहिरात आणि तीन आकडी दूरध्वनी क्रमांक, लाकडी दांडीला घामाने काळपट झालेली जागा. त्यावरचा पत्ता वाचून रांगेतल्या दोघी जणी एकदम म्हणाल्या की ती गल्ली महामार्गाखाली गेली. त्या एका पंख्यावरून पुढच्या वर्षीचा विषय ठरला.

संमतिपत्र एका पानाचे आणि सोप्या भाषेत असावे. मूळ वस्तूची मालकी आणि असलेले हक्क कुटुंबाकडेच राहतात, ग्रंथालयाला प्रत जतन करण्याची आणि दाखवण्याची परवानगी मिळते, ती इंटरनेटवर टाकायची की फक्त ग्रंथालयात पाहू द्यायची हे कुटुंब ठरवते आणि पुढे मत बदलल्यास प्रत काढून घेता येते, एवढ्या चार गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात.

दुसरा कार्यक्रम कुटुंबाचा इतिहास शोधण्याच्या कार्यशाळेचा. मराठी माणसाला याचे मोल समजायला थोडा वेळ लागतो. आपल्याकडे अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांची सही सापडते. येथील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाटेत १८७० ची भिंत उभी असते. ज्यांना गुलाम करून ठेवले होते त्यांची नावे अमेरिकेच्या जनगणनेत त्या वर्षी प्रथमच आली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. म्हणून कार्यशाळेत आजपासून मागे जायचे. खुली झालेली सर्वांत अलीकडची जनगणना १९५० ची आहे. तिथून दर दहा वर्षांनी मागे सरकत १८७० गाठावे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले, हे आधीच सांगून ठेवावे.

भिंतीच्या पलीकडे डोकावण्यासाठी तीन साधने उपयोगी पडतात. १८६५ ते १८७२ या काळात काम केलेल्या फ्रीडमेन्स ब्युरो या, मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याच्या कागदांत मजुरीचे करार, विवाहनोंदी आणि शिधावाटपाच्या याद्या आहेत. १८७४ साली बुडालेल्या फ्रीडमन्स बचत बँकेच्या खातेनोंदींत खातेदाराने आपल्या आईवडिलांची, भावंडांची आणि कधीकधी पूर्वीच्या मालकाची नावे सांगितलेली सापडतात. मुक्तीनंतर ताटातूट झालेल्या माणसांनी कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, आणि रविवारी पाद्री त्या चर्चमध्ये वाचून दाखवत. आईला कोणत्या गावी, कोणत्या वर्षी विकले आणि ती कोणाकडे होती हे त्या चार-पाच ओळींत असते.

या कार्यशाळेत एक काळजी अवश्य घ्यावी. मालकांच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत बैल, नांगर आणि खाटा यांच्या जोडीला माणसाचे नाव आणि त्यापुढे किंमत असते. आपल्या पणजीच्या आईच्या नावापुढे लिहिलेला आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्या व्यक्तीला त्या क्षणी गर्दीत बसायला लावू नये. शेजारी एक शांत खोली मोकळी ठेवावी, तिथे पाणी आणि बसायला चांगल्या खुर्च्या असाव्यात, आणि मंडळातील एखादी ज्येष्ठ व्यक्ती जवळपास असावी. दोन तासांची कार्यशाळा अपुरी पडते. चार शनिवार ठेवावेत.

तिसरा कार्यक्रम मौखिक इतिहासाचा. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या २३०० हून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या आणि त्या अमोल आहेत. परंतु मुलाखत घेणारे बहुतांशी गोरे होते, काही तर त्याच परिसरातल्या जुन्या मालकांच्या घरातले, आणि पोटापाण्याची भ्रांत असलेल्या वृद्धांनी त्यांच्यासमोर किती मोकळेपणाने बोलावे याला मर्यादा होती. यावरून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती सांगणाऱ्याच्या विश्वासातली असावी. आमच्याकडे नातवंडे आजी-आजोबांची मुलाखत घेतात आणि ग्रंथालयाचा माणूस फक्त यंत्र सांभाळतो. ‘वर्णभेदाचा अनुभव सांगा’ असा प्रश्न विचारू नये. ‘शाळेत कोणत्या रस्त्याने जायचात’ असे विचारावे. ज्या दुकानासमोरून रस्ता ओलांडून पलीकडून जावे लागे, ते दुकान उत्तरात आपोआप येते. ध्वनिमुद्रण असंपीडित वेव्ह स्वरूपात ठेवावे, लेखी उतारा सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि त्याची संमती मिळाल्यावरच तो संग्रहात घालावा.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. १४ फेब्रुवारीला देशभर ‘डग्लस डे’ पाळला जातो आणि लोक एकत्र बसून जुनी हस्तलिखिते संगणकावर उतरवून काढतात. लागणारी सामग्री थोडी आणि वातावरण आनंदाचे, त्यामुळे लहान ग्रंथालयांनी हा जरूर घ्यावा. डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रोचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनाविषयी केलेल्या भाषणाचे सामूहिक वाचनही करता येते. प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा. भाषणावर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे खर्च शून्य. मुलांच्या गोष्टींसाठी कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार (कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांसाठीचा) मिळालेली पुस्तके पाहावीत. हा पुरस्कार १९७० पासून दिला जातो. निवडताना दुःखाच्या गोष्टींइतक्याच केस विंचरण्याच्या, बर्फात खेळण्याच्या आणि आजीच्या स्वयंपाकाच्या गोष्टी घ्याव्यात. हार्लेमच्या त्याच शाखेत १९३७ साली रुजू झालेल्या ऑगस्टा बेकर यांनी हीच दृष्टी ठेवून मुलांसाठी पुस्तकांचा संग्रह उभा केला होता.

पाचवी पायरी: पैसा आणि परवानग्या

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्याच्या मानव्यविद्या परिषदेकडे आणि ग्रंथालयाच्या मित्रमंडळाकडे अर्ज करावा. वक्त्यांचे आणि कलावंतांचे मानधन प्रथम बाजूला काढावे. ‘चांगल्या कामासाठी’ फुकट येण्याची विनंती फेब्रुवारीत कृष्णवर्णीय वक्त्यांना दररोज होत असते, तीत आपण भर घालू नये. चित्रपट दाखवायचा असल्यास प्रवेश विनामूल्य असला तरी जाहीर प्रदर्शनाचे हक्क घ्यावे लागतात; ग्रंथालयाने घेतलेली डीव्हीडी त्यासाठी चालत नाही. गोष्टीच्या तासाचे चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकायचे असेल तर प्रकाशकाची परवानगी लागते.

काही गावांत या कार्यक्रमांना विरोध होतो. पुस्तकनिवडीचे, प्रदर्शनाचे आणि सभागृह वापरण्याचे लेखी धोरण विश्वस्तांकडून नोव्हेंबरपूर्वीच मंजूर करून घ्यावे, म्हणजे तक्रार आली तर कर्मचाऱ्याला एकट्याने उत्तर द्यावे लागत नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याशी सभ्यतेनेच बोलावे, पण कार्यक्रम मागे घेऊ नये.

सहावी पायरी: मराठी मंडळींचा सहभाग, आणि त्याचे प्रमाण

आपण या कार्यक्रमात काय घेऊन जाऊ शकतो, असे मला मराठी मंडळातील लोक विचारतात. देण्यासारखे खरोखर आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि ड्यू बॉइस यांनी त्यांना आपुलकीचे उत्तर पाठवले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावासकट प्रेरणा अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाकडूनच घेतली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर, तसेच जंजिऱ्याचे सिद्दी, हे तर आपल्याच मातीतील आफ्रिकी इतिहासाचे अंग आहे. शोम्बर्ग केंद्राने २०१३ साली भारतातील आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरवले होते.

यांपैकी एखाद्या विषयावर एक संध्याकाळ ठेवावी, तीही सल्लागार मंडळाने मागितली तर. आमच्याकडे मलिक अंबरवरच्या व्याख्यानाला चर्चमधील निम्मी मंडळी आली आणि प्रश्नांचा तास दीड तास चालला. मात्र फेब्रुवारीतील मुख्य जागा कृष्णवर्णीय कुटुंबांची आहे. आपण खुर्च्या मांडाव्यात, स्कॅनरवर बसावे आणि ऐकावे.

मराठीतून पत्रक काढताना शब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहावे. ‘नीग्रो’ हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांपुरताच ठेवावा आणि ‘हबशी’ टाळावा. ‘त्यांचे पूर्वज गुलाम होते’ असे आपण सहज लिहून जातो. त्याऐवजी ‘त्यांच्या पूर्वजांना गुलाम करून ठेवले होते’ असे लिहिले की क्रियापदाच्या मागे उभा असलेला कर्ता दिसू लागतो.

सातवी पायरी: प्रत्यक्ष दिवस आणि त्यानंतर

प्रसिद्धीसाठी चर्चचे रविवारचे पत्रक आणि केशकर्तनालयातील भिंत ही समाजमाध्यमांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. वृद्धांना आणण्या-नेण्यासाठी चर्चची गाडी मिळते का ते जानेवारीतच विचारावे. ध्वनिक्षेपक सर्वांच्या हाती फिरेल असा असावा. मंचावरील स्वागत मंडळाच्या सदस्याने करावे. ग्रंथालय संचालकांना दोन मिनिटे पुरतात.

मार्चमध्ये हजेरीच्या आकड्यांबरोबर आणखी एक हिशोब करावा. कार्यक्रमानंतर ग्रंथालयाच्या संग्रहात कायमचे काय आले? स्कॅन केलेल्या वस्तू सूचीत चढल्या का, मुलाखती स्थानिक इतिहासाच्या कक्षात ऐकायला मिळतात का, फेब्रुवारीत टेबलावर मांडलेली पुस्तके आता नेहमीच्या कपाटांत समोर दिसतात का, हे मंडळासमोर लेखी मांडावे. स्कॅन केलेल्या चांगल्या फोटोंच्या छापील प्रती चौकटीत घालून त्या-त्या कुटुंबाला आणि चर्चला नेऊन द्याव्यात, टपालाने पाठवू नयेत. १९ जून १८६५ रोजी टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे मुक्तीचा आदेश वाचला गेला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या ‘जूनटीन्थ’च्या कार्यक्रमाची तारीख याच बैठकीत धरावी आणि उठण्यापूर्वी ऑगस्टच्या बैठकीसाठी चर्चचे तळघर मागून ठेवावे. उन्हाळ्यात तिथे लग्ने आणि कुटुंबांची संमेलने असतात, उशीर केला तर जागा मिळत नाही.